मेरिलिन मन्रो, केनेडी आणि तो वाढदिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या चित्रपटसंगीताबद्दल लिहायला लागल्यापासून मला सर्वांत जास्त पत्रं आली ती एका छोट्याशा चित्रफितीवर. काळोखं सभागृह, झगझगीत पोशाखातली एक बाई आणि राष्ट्राध्यक्षांच्या नावाने म्हटलेलं वाढदिवसाचं गाणं. पत्रांतले बहुतेक प्रश्न गाण्यापेक्षा भानगडीबद्दलच असतात, याचं मला वाईट वाटतं. तरी वाचकांनी जसे विचारले तसेच ते इथे घेतले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. नेमकं काय झालं होतं? कधी आणि कुठे?

19 मे 1962 चा, शनिवारचा कार्यक्रम. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे सभागृह. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांच्या वाढदिवसानिमित्त डेमोक्रॅटिक पक्षाने मोठा करमणुकीचा कार्यक्रम ठेवला होता आणि 15,000 हून अधिक लोक आले होते. शेवटाकडे मेरिलिन मन्रो मंचावर आली, ‘हॅपी बर्थडे’ गायली, त्याला जोडून दुसऱ्या एका गाण्याच्या चालीवर चार ओळी म्हटल्या आणि मग सगळ्या सभागृहाला गायला लावलं. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. घटना एवढीच आहे.

2. केनेडींचा वाढदिवस तर 29 मे. मग दहा दिवस आधीच का साजरा केला?

वाढदिवस हे निमित्त होतं, खरं काम निधी जमवण्याचं होतं. 1960 च्या निवडणुकीच्या प्रचारात पक्षावर कर्ज झालं होतं. ते फेडण्यासाठी तिकिटं लावून कार्यक्रम केला आणि चांगल्या जागांना 100 पासून 1,000 डॉलरपर्यंत दर होता. केनेडींना 29 मे रोजी 45 वर्षं पूर्ण होणार होती. आपल्याकडे वाढदिवस आधी साजरा करणं बऱ्याच घरांत चालत नाही, म्हणून हा प्रश्न येतो हे मला ठाऊक आहे. तिथे तारखेपेक्षा शनिवार महत्त्वाचा होता.

3. आम्ही न्यूयॉर्कला गेलो तेव्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन पाहिलं. तो मंच तिथेच होता ना?

नाही. तुम्ही पाहिलंत ते पेन स्टेशनच्या डोक्यावरचं, 1968 मध्ये उघडलेलं. मेरिलिन गायली ते त्याच नावाचं आधीचं सभागृह एट्थ अ‍ॅव्हेन्यूवर, एकोणपन्नासाव्या आणि पन्नासाव्या रस्त्यांच्या मध्ये होतं. ती इमारत आता नाही.

4. त्या रात्री फक्त मेरिलिनच गायली का?

छे! यादी वाचली की डोळे विस्फारतात. ऑपेराची नामवंत गायिका मारिया कॅलास होती आणि तिने ‘कारमेन’ या ऑपेरातल्या रचना गायल्या. जॅझची मोठी गायिका एला फिट्झजेराल्ड होती, गायिका पेगी ली होती, गायक हॅरी बेलाफाँटे होता. विनोदासाठी जॅक बेनी, जिमी ड्युरांटी आणि माइक निकोल्स–इलेन मे ही जोडी. ज्या मंचावर कॅलास आणि एला गाऊन गेल्या, त्याच मंचावर पोराटोरांच्या वाढदिवसाला म्हणतात ते गाणं म्हणायचं होतं. मेरिलिनच्या पोटात गोळा का आला असेल, हे त्यावरून समजावं.

5. ती नेमकं काय गायली? ‘हॅपी बर्थडे’नंतरच्या ओळी कळत नाहीत.

पहिला भाग सगळ्यांना पाठ असलेला. नावाच्या जागी ‘मिस्टर प्रेसिडेंट’.

दुसरा भाग ‘थँक्स फॉर द मेमरी’ या 1938 सालच्या चित्रपटगीताच्या चालीवर. शब्द मात्र या कार्यक्रमासाठी नव्याने लिहिलेले, रिचर्ड अ‍ॅडलरचे. अ‍ॅडलर ब्रॉडवेच्या संगीत नाटकांचा संगीतकार होता आणि ही संध्याकाळ त्यानेच उभी केली होती. आशय असा, की राष्ट्राध्यक्षमहोदय, तुम्ही जे केलंत, ज्या लढाया जिंकल्यात, यू. एस. स्टीलला ज्या रीतीने हाताळलंत आणि आमचे टनावारी प्रश्न अंगावर घेतलेत, त्याबद्दल आभार.

यातला पोलादाचा संदर्भ आज कुणाला लागत नाही, पण त्या प्रेक्षकांना ती महिन्याभरापूर्वीची ताजी बातमी होती. 10 एप्रिल 1962 रोजी यू. एस. स्टील या कंपनीने पोलादाचा दर टनामागे 6 डॉलरने वाढवला. कामगार संघटनांना नुकतंच कमी पगारवाढीवर राजी केलेलं असताना ही दरवाढ झाल्याने केनेडी भडकले. त्यांनी जाहीरपणे कंपनीला धारेवर धरलं आणि तीन दिवसांत दरवाढ मागे घ्यावी लागली. ‘हाताळणं’ या अर्थाच्या इंग्रजी ‘डील’ला ‘स्टील’चं यमक आणि प्रश्न मोजायला ‘टन’ हे माप, अशी ती कोटी आहे. लाडिक आवाजात चाललेल्या गाण्यात मध्येच पोलादाचा भाव येतो, गंमत त्यात आहे. ही ओळ वगळून चित्रफीत दाखवली की गाण्याचा अर्धा जीवच जातो.

6. मोजक्या सुरांचं गाणं, तेही कुजबुजल्यासारखं. यात गाणं म्हणावं असं काय आहे?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून उत्तर लांबणार.

पियानोवर हँक जोन्स होता. जॅझमधला अव्वल वादक. त्याने पुढे आठवण सांगितली आहे, की आठ बार ‘हॅपी बर्थडे’चे आणि आठ बार दुसऱ्या गाण्याचे, असे मिळून 16 बार आणि त्यासाठी आठ तास तालीम. बार म्हणजे पाश्चात्त्य संगीतातला तालाचा एक ठरावीक तुकडा. सोळा तुकड्यांना आठ तास. ज्यांनी कधी कुणाला साथ केली आहे, त्यांना हा आकडा काय सांगतो ते लगेच कळेल.

आता चित्रफीत कान देऊन ऐका. ती सुरुवातच करत नाही. आधी डोळ्यांवर हाताची सावली धरून दिव्यांच्या पलीकडे पाहते, मायक्रोफोनला बोटाने टिचकी मारते, उसासा टाकते, लोकांना हसू देते. मग ठाय लयीत पहिली ओळ, प्रत्येक शब्दामागे श्वास. ओळ संपली की सभागृहात आरडाओरडा होतो आणि तो ओसरेपर्यंत ती थांबते. पुढची ओळ ती गोंगाटावर टाकत नाही, शांततेत टाकते. आपल्याकडे लावणीची बैठक पाहिलेल्या माणसाला ही जात ओळखीची वाटेल. समोरच्याच्या प्रतिसादाला जागा ठेवून गाणं पुढे न्यायचं, हे सुरांच्या संख्येवर मोजता येत नाही.

दुसऱ्या गाण्यात लय बदलते, शब्द भराभर येतात, यमकं जागच्या जागी पडतात आणि पोलादाची ओळ स्वच्छ ऐकू येते. शेवटी ती ‘एव्हरीबडी’ म्हणत सगळ्यांना गाण्यात ओढते, तेव्हा मघाची कुजबुज कुठल्या कुठे गेलेली असते. दोन्ही हात उंचावून, जवळजवळ उड्या मारत ती हजारो लोकांचं गाणं चालवते. मोहिनी घालणारी बाई, विनोदाची यमकं नेमकी टाकणारी नटी आणि शाळेतल्या समूहगीताची बाई, ही तीन रूपं तिने एका दमात उभी केली.

आवाजाचं शिक्षणही तिने घेतलेलं होतं. 1948 मध्ये कोलंबिया स्टुडिओत फ्रेड कार्गरकडे, पुढे हॅल शेफरकडे. फेब्रुवारी 1954 मध्ये कोरियातल्या अमेरिकी सैनिकांसमोर तिने चार दिवसांत दहा कार्यक्रम केले होते. मोठा जमाव तिला नवा नव्हता. ‘दिसायला छान म्हणून खपून गेलं’ असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

7. ती प्यायलेली होती असं ऐकलं. चालताना अडखळते, बोलताना धाप लागते.

अडखळत नाही, पाय टाकायला जागाच नाही. पोशाख इतका घट्ट होता की टिचभर पावलांनीच चालावं लागत होतं (पोशाखाबद्दल प्रश्न 14). धापेसारखं वाटतं ते गाण्याची शैली म्हणून निवडलेलं आहे, प्रश्न 6 पाहा. त्या महिन्यात सायनसच्या आजाराने आणि तापाने ती हैराण होती हेही खरं. पण चित्रफितीत दिसते आणि ऐकू येते ती तयारी. बदललेले शब्द, बदललेली लय, थांबायच्या जागा, कुठेही ती चुकत नाही.

8. सूत्रधाराने तिला ‘लेट मेरिलिन मन्रो’ म्हटलं. तेव्हा तर ती जिवंत होती!

इंग्रजीतल्या ‘लेट’चे दोन अर्थ आहेत. एक, उशिरा आलेली. दुसरा, नावाआधी लावला की आपल्या ‘कैलासवासी’सारखा. सूत्रधार होता नट पीटर लॉफर्ड, केनेडींच्या बहिणीचा नवरा. मेरिलिन कुठेही उशिरा येण्याबद्दल प्रसिद्ध होती, म्हणून कार्यक्रमात ठरवून एक विनोद पेरला होता. लॉफर्डने संध्याकाळभर मध्ये मध्ये तिचं नाव पुकारायचं, दिवा प्रवेशाच्या जागी पडायचा आणि कुणीच यायचं नाही. अखेर ती खरंच आली तेव्हा त्याने हा शब्द वापरला. लोक मनमुराद हसले.

4 ऑगस्टच्या रात्री ती गेली, वय 36. कार्यक्रमाला अकरा आठवडेच झाले होते. त्यानंतर त्या चित्रफितीतलं ते हसू ऐकताना अंगावर काटा येतो. पण बोलणाऱ्याच्या आणि हसणाऱ्यांच्या मनात त्या वेळी फक्त उशीरच होता.

9. केनेडी त्यावर काय म्हणाले?

ते मंचावर आले, इतर कलावंतांचेही आभार मानले. मेरिलिनबद्दल म्हणाले की मिस मन्रो एक चित्रपट सोडून एवढ्या लांब पूर्वेला आल्या, आणि इतक्या गोड, इतक्या निर्मळ रीतीने वाढदिवसाचं गाणं ऐकायला मिळाल्यावर आता मी राजकारणातून निवृत्त व्हायला हरकत नाही. ‘निर्मळ’ या शब्दावर सभागृह कोसळलं. त्या गाण्यानंतर प्रत्येकाच्या मनात जे होतं त्याच्या नेमका उलट शब्द त्यांनी निवडला. ‘चित्रपट सोडून’ हे मात्र विनोदापुरतं नव्हतं, प्रश्न 12 पाहा.

10. त्यांच्या पत्नी तिथे होत्या का? आणि मेरिलिनचं त्यांच्याशी प्रकरण होतं का?

जॅकलिन केनेडी नव्हत्या. त्या मुलांसह व्हर्जिनियात होत्या आणि तिथल्या घोडेस्वारीच्या स्पर्धेत उतरल्या होत्या.

प्रकरणाबद्दल चरित्रकारांत एकमत नाही. दोघं मोजक्या वेळा भेटली आणि मार्च 1962 मध्ये कॅलिफोर्नियात पाम स्प्रिंग्जला गायक-नट बिंग क्रॉस्बीच्या घरी एकत्र होती, एवढ्यावर बरेच जण येऊन थांबतात. त्यापुढचा डोंगर ऐकीव गोष्टींचा आहे. दोघंही आपली बाजू सांगायला उरली नाहीत, केनेडींची हत्या 22 नोव्हेंबर 1963 रोजी झाली. या गाण्याला ‘पुरावा’ म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: ते गाणं पक्षाच्या कार्यक्रमपत्रिकेत होतं, शब्द दुसऱ्याने लिहिले होते आणि तालीम झाली होती. नटीने रंगवलेली भूमिका म्हणजे तिचा कबुलीजबाब नव्हे.

11. ती एकटीच आली होती का? फोटोत तिच्यासोबत एक म्हातारे गृहस्थ दिसतात.

ते इसिडोर मिलर. नाटककार आर्थर मिलर यांचे वडील, म्हणजे मेरिलिनचे माजी सासरे. जानेवारी 1961 मध्ये घटस्फोट झाला, पण सासऱ्यांशी नातं तुटलं नाही. या रात्री सोबत कुणाला न्यायचं तर तिने त्यांना नेलं.

‘लाइफ’ मासिकाने 3 ऑगस्ट 1962 च्या अंकात तिची मुलाखत छापली. त्यात ती सांगते, की राष्ट्राध्यक्षांना भेटल्यावर रीतीप्रमाणे ‘कसे आहात’ म्हणायचं, तर मी पटकन म्हटलं, हे माझे पूर्वीचे सासरे, इसिडोर मिलर. ते या देशात परके म्हणून आले होते, हा त्यांच्या आयुष्यातला मोठा क्षण ठरेल, नातवंडांना सांगता येईल असं मला वाटलं.

त्याच मुलाखतीत गाण्याबद्दल आहे. मंचावर आल्यावर सगळीकडे अशी शांतता पसरली की आवाजच फुटला नाही तर काय, असं तिला वाटलं. मग तिने मान वर करून शेवटच्या रांगांकडे पाहिलं आणि तिच्या मनात आलं, की दोन डॉलर भरून मी इथे आले असते तर तिथे वर, छताच्या तुळयांजवळ बसले असते. आणि ठरवलं, आयुष्यातली शेवटची गोष्ट ठरली तरी चालेल, हे गाणं मी गाणार, या सगळ्या लोकांसाठी गाणार.

केनेडींसाठी गायलेलं गाणं म्हणून जग ते ओळखतं. गाताना तिचे डोळे छताजवळच्या माणसांवर होते. हे वाचल्यापासून चित्रफितीत ती डोळ्यांवर हात धरते ती जागा मला वेगळीच दिसते.

समारंभानंतर चित्रपट व्यवसायातले आर्थर क्रिम यांच्या न्यूयॉर्कमधल्या घरी मेजवानी झाली. मेरिलिन, जॉन केनेडी आणि त्यांचे भाऊ रॉबर्ट एकत्र दिसतात तो प्रसिद्ध फोटो तिथला. व्हाइट हाऊसचे छायाचित्रकार सेसिल स्टॉटन यांनी तो टिपला.

12. या गाण्यामुळे तिला चित्रपटातून काढलं, हे खरं?

अर्धं खरं. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्ससाठी ती जॉर्ज कुकरच्या दिग्दर्शनाखाली एक चित्रपट करत होती, सोबत डीन मार्टिन. चित्रीकरण एप्रिलच्या अखेरीस सुरू झालं आणि आजारपणामुळे ती बरेच दिवस येऊ शकली नाही. त्यात 17 मे रोजी ती सेट सोडून न्यूयॉर्कला निघाली. रोममध्ये ‘क्लिओपात्रा’ या दुसऱ्या चित्रपटावर पाण्यासारखा पैसा जात असल्याने स्टुडिओ आधीच बेजार होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तिला काढलं आणि वर दावाही ठोकला.

तिच्या जागी ली रेमिकला घ्यायचं ठरलं, तर डीन मार्टिनने मेरिलिनशिवाय काम करायला नकार दिला आणि चित्रीकरण बंद पडलं. पुढे स्टुडिओने तिला परत घ्यायचं ठरवलं होतं. तेवढ्यात ती गेली. चित्रपट अपुराच राहिला.

13. ही तिची शेवटची जाहीर हजेरी होती ना?

नाही, ही चूक फार ठिकाणी छापली जाते. 1 जून 1962 हा तिचा छत्तिसावा वाढदिवस. दिवसा सेटवर केक कापला आणि संध्याकाळी लॉस एंजेलिसच्या डॉजर स्टेडियमवर स्नायूंच्या आजाराच्या रुग्णांसाठी मदत गोळा करायच्या कार्यक्रमाला ती गेली. तब्येत बरी नसतानाही. चित्रपटाच्या कामाचा तिचा तो शेवटचा दिवस ठरला.

14. तो पोशाख खरंच अंगावर शिवला होता? किंमत किती होती?

हो, घातल्यावर शेवटचे टाके अंगावरच मारले होते. जाँ लुई या वेशभूषाकाराची कलाकृती. त्वचेच्या रंगाचं, झिरझिरीत रेशमी कापड आणि त्यावर हाताने टाकलेले सुमारे 2,500 चमकते खडे. कापड दिव्यांत दिसेनासं व्हावं आणि खडेच उरावेत ही कल्पना. मूळ रेखाटन तेव्हा जाँ लुईंकडे कामाला असलेल्या तरुण बॉब मॅकीचं. पुढे तो स्वतः मोठा वेशभूषाकार झाला. मंचावर येताना तिने वरून पांढऱ्या फरचं आवरण घेतलं होतं. लॉफर्डने ते उतरवून घेतलं तेव्हाचा लोकांचा आवाज चित्रफितीत आहे.

तेव्हा खर्च सुमारे 1,440 डॉलर सांगितला जातो. ऑक्टोबर 1999 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात तो साडेबारा लाख डॉलरच्या वर गेला आणि नोव्हेंबर 2016 मध्ये जूलियन्सच्या लिलावात 48 लाख डॉलरला अजब वस्तूंची संग्रहालयं चालवणाऱ्या ‘रिप्लेज बिलीव्ह इट ऑर नॉट’ने घेतला.

15. किम कार्दाशियनने तोच पोशाख घातला की नक्कल?

दोन्ही. 2 मे 2022 रोजी न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशनच्या समारंभात पायऱ्या चढण्यापुरता खरा, मग लगेच नक्कल. मागची चेन लागत नव्हती म्हणून पाठीवर पांढरी फर घेतली होती. पुढच्या महिन्यात खडे निखळल्याचे आणि शिवण ताणल्याचे फोटो फिरले. त्या वेळी नुकसान झालं नाही, असं रिप्लेजने सांगितलं. ऐतिहासिक कपडे कुणीच अंगावर घालू नयेत, अशी संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वेशभूषा समितीने भूमिका घेतली. मी त्यांच्या बाजूने आहे. आजीची पैठणी कपाटातून काढताना आपण घडीसुद्धा जपून उलगडतो. हा पोशाख तर एका माणसाच्या मापाने, एका रात्रीसाठी, तिच्या अंगावर शिवलेला.

16. ‘हॅपी बर्थडे’वर हक्क होता म्हणतात. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात हा प्रसंग बसवला तर पैसे भरावे लागतील का?

गाण्यासाठी नाही. चाल केंटकीतल्या पॅटी आणि मिल्ड्रेड हिल या बहिणींच्या 1893 मधल्या शाळेच्या गाण्याची. वॉर्नर/चॅपल ही कंपनी कित्येक वर्षं त्यावर शुल्क घेत होती. 2015 मध्ये अमेरिकी न्यायालयाने तिचा दावा फेटाळला आणि 2016 मध्ये 1 कोटी 40 लाख डॉलरची तडजोड झाली. दुसऱ्या गाण्याला (प्रश्न 5) हे लागू नाही, त्याचे हक्क वेगळे बघा.

17. केनेडींना ‘ते’ आणि मेरिलिनला ‘ती’, असं का लिहिता?

दोन-तीन वाचक भगिनींनी हे मनापासून विचारलं आहे. मराठीत आपण ‘लता काय गायली’ म्हणतो, ‘बालगंधर्व आला की’ असं जुने लोक म्हणत. जिवाच्या जवळच्या कलावंताला आपण एकेरीत हाक मारतो. माझं ‘ती’ तिथून आलं आहे. याच लेखात एला ‘होती’ आणि हँक ‘होता’ आहे, तेही त्यामुळेच.

18. चित्रफितीच्या खूप प्रती आहेत. कुठली बघावी?

लॉफर्डच्या पुकाऱ्यापासून सुरू होणारी आणि केनेडींच्या भाषणापर्यंत जाणारी. नुसत्या ‘हॅपी बर्थडे’चा तुकडा नको. पहिल्यांदा पाहा, दुसऱ्यांदा डोळे मिटून ऐका आणि हँक जोन्सचा पियानो तिच्यासाठी कुठे थांबतो तेवढंच शोधा.